जेवण कुणी घातलं?

जानेवारी २०२३ मध्ये मी स्पेनच्या ग्रॅन कनारिया बेटावर निघाले होते आणि आजीला त्याचं कारण हवं होतं. कुणाचं लग्न नाही, कंपनीनं पाठवलेलं नाही, सहल म्हणावी तर सोबत मैत्रिणी नाहीत. "आठवडाभर तिथं करणार काय तू?" मी सांगितलं, जगभरातून माझ्यासारखी माणसं येतात, जो तो आपलं अडलेलं काम घेऊन येतो आणि एका मोठ्या खोलीत बसून सगळे एकमेकांची कामं मार्गी लावतात. "पैसे मिळतात?" नाही. "बक्षीस?" तेही नाही. आजी गप्प. मग मीच म्हटलं, "अगं, इर्जिक असते ना, तसं."

आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराला टेकलेलं. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचा बैल बसला, नांगरट राहून गेली, की गावात सांगावा फिरायचा: उद्या अमक्याच्या रानात इर्जिक. सकाळी जो तो आपली बैलजोडी आणि नांगर घेऊन हजर. दिवस मावळायच्या आत रान उलथून मोकळं. मजुरी कुणी घ्यायची नाही, पण ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मी स्वतः इर्जिक पाहिलेली नाही, मला कळायला लागलं तोवर गावात ट्रॅक्टर आला होता. आजीला मात्र कुणाच्या इर्जिकीला पुरणपोळी होती आणि कुणी नुसत्या पिठल्यावर भागवलं, हे अजून नावानिशी आठवतं.

म्हणून तिचा पुढचा प्रश्न साहजिक होता. "मग जेवण कोण घालणार?"

मी खरं ते सांगितलं. प्रत्येकानं नोंदणीचे पैसे भरायचे, विमानाचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं.

"आपल्याच पैशानं जेवायचं आणि दुसऱ्याचं रान नांगरायचं? मग कसली गं इर्जिक ती!"

ज्याला मी निघाले होते त्याचं नाव 'प्रोजेक्ट वीक'. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी अशा प्रतिमांवर काम करणारं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लिहिणारी आणि वापरणारी माणसं २००५ पासून वर्षातून साधारण दोनदा अशी जमतात, एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात. याचं मूळ 'नॅशनल अलायन्स फॉर मेडिकल इमेज कम्प्युटिंग' या लांबलचक नावाच्या अमेरिकी प्रकल्पात आहे. बोलताना सगळे 'नॅमिक' म्हणतात. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, अनुदानावर तो २००४ साली सुरू झाला आणि बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधले रॉन किकिनिस त्याचे प्रमुख होते. उन्हाळ्यातला आठवडा बरीच वर्षं एमआयटीत भरायचा, हिवाळ्यातला सॉल्ट लेक सिटीत. पुढे अनुदान संपलं. आठवडा काही संपला नाही. अनुदानावर उभ्या राहिलेल्या गोष्टींचं नंतर काय होतं हे ज्यांनी आपल्याकडे पाहिलंय, त्यांना यातलं नवल कळेल.

या सगळ्याच्या मधोमध 'थ्रीडी स्लायसर' नावाचं सॉफ्टवेअर आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीला ब्रिगहॅमची सर्जिकल प्लॅनिंग लॅब आणि एमआयटीची कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळा यांच्या एकत्र कामातून ते निघालं. सीटीचे शे-दोनशे काप एकावर एक रचायचे, त्यातून यकृत, गाठ, हाड जे हवं ते वेगळं काढायचं, फिरवून बघायचं, मोजायचं. फुकट आहे, आणि आतला कोडही कुणीही उघडून बदलू शकतं. हे केवळ संशोधनासाठी आहे, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तपासलेलं किंवा मंजूर केलेलं नाही, असंही त्यावर स्वच्छ लिहिलेलं आहे. स्लायसर स्वतः व्हीटीके आणि आयटीके या दोन मोठ्या 'लायब्ररीं'च्या, म्हणजे तयार कोडच्या संग्रहांच्या, खांद्यावर उभं आहे. त्यातलं आयटीके अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानं १९९९ मध्ये सुरू करून घेतलं. ते निरनिराळ्या संगणकांवर बांधता यावं म्हणून एक साधन लिहिलं गेलं, त्याचं नाव सीमेक. पुण्याच्या निम्म्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये रोज सकाळी सीमेकला शिव्या बसतात. ते मुळात शरीराचे काप वाचण्याच्या गरजेतून जन्मलं, हे त्या शिव्या देणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. मलाही नव्हतं.

मी या लोकांत आले ती एका चुकीमुळे. ती चूक माझीच.

तेव्हा मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी एक नमुना-सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. अजून प्रयोगाच्या पातळीवरच होतं, रुग्णापर्यंत गेलेलं नव्हतं, हे आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा श्वास अडकायला नको. एका स्वयंसेवकाच्या डोक्याचा एमआरआय होता. त्यावरून डोक्याच्या पृष्ठभागाचं त्रिमितीय मॉडेल दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये तयार करून फाइल आमच्याकडे आली होती. ती आमच्या पडद्यावर उघडली तर चेहरा पाठीमागे. अख्खं डोकं उलट तोंड करून बसलेलं, रुसल्यासारखं.

मला वाटलं, सोपं आहे. पुढचं मागे गेलंय, तर पुढे-मागे मोजणाऱ्या अक्षाचं चिन्ह बदलू. एक ओळ. चेहरा पुढे आला, नाक नाकाच्या जागी बसलं. पृष्ठभाग जरा काळपट, आतून उजेड पडल्यासारखा दिसत होता, तेव्हा मी प्रकाशाची सेटिंग बदलली. तेही जमलं. चहाला गेले.

जवळजवळ दीड महिना कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग एक दिवस ज्या केंद्रात तो एमआरआय काढला होता तिथला तंत्रज्ञ आमच्याकडे आला. मी कौतुकानं मॉडेल फिरवून दाखवत होते. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "मॅडम, गोळी इकडं कशी?"

संशोधनासाठीचे स्कॅन काढताना बरेच तंत्रज्ञ डोक्याच्या एका बाजूला व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवतात. आतलं तेल एमआरआयमध्ये पांढरंशुभ्र चमकतं आणि बाजूची खूण राहते. हा गडी नेहमी उजव्या कानशिलावर चिकटवायचा. आमच्या मॉडेलमध्ये तो बारीकसा उंचवटा डाव्या कानशिलावर होता. मी दीड महिना एका माणसाची आरशातली प्रतिमा घेऊन बसले होते.

घोळ असा होता. रुग्णाच्या शरीरात दिशा मोजायच्या दोन पद्धती रूढ आहेत. डायकॉम म्हणजे रुग्णालयातल्या यंत्रांची सामाईक भाषा. तिथे पहिला अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, दुसरा पाठीकडे, तिसरा डोक्याकडे. आयटीकेही हेच मानतं. स्लायसर आतल्या आत पहिला अक्ष उजवीकडे वाढवतं आणि दुसरा छातीकडे. तिसरा तोच. म्हणजे एका पद्धतीतून दुसरीत जाताना दोन चिन्हं बदलावी लागतात. दोन्ही बदलली तर शरीर नुसतं अर्धा फेरा वळतं. मी एकच बदललं, आणि एकच बदललं की डाव्याचं उजवं होतं. पृष्ठभाग काळपट दिसत होता तो याच कारणानं, कारण आरशात गेल्यावर त्रिकोणांचं आतलं अंग बाहेर येतं. मॉडेल मला ओरडून सांगत होतं आणि मी दिवा मोठा केला.

पोट असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, यकृत भलत्या बाजूला दिसलं असतं. डोकं दोन्हीकडून सारखं. त्यातून सीटी-एमआरआयचे आडवे काप पडद्यावर दाखवायची रीतच अशी की आपण जणू रुग्णाच्या पायाशी उभं राहून त्याच्याकडे बघतोय, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. ही रीत अंगवळणी पडलेला माणूस डाव्या-उजव्याच्या बाबतीत थोडा बधिर होऊन जातो. आपल्याकडे पंक्तीत वाढताना कुणाला झुकतं माप दिलं तर म्हणतात, डावं-उजवं करू नये. इथे मी नेमकं तेच करायचं विसरले होते.

आमच्या साहेबांनी या प्रकाराची दोन वाक्यांत वासलात लावली: आता दुरुस्त केलंस ना, मग पुढचं घे. मला पुढचं घेता येईना. हीच चूक उद्या आणखी कुणी करणार हे दिसत होतं. डिसेंबर २०२० मध्ये प्रोजेक्ट वीक करोनामुळे पूर्णपणे ऑनलाइन भरला. विमानाचं तिकीट लागणार नव्हतं, म्हणून मी माझी लाज एका पानावर लिहून नाव नोंदवलं.

हे पान हा त्या आठवड्याचा कणा. प्रत्येक प्रकल्पाचं एक, आणि सगळ्यांचा साचा एकच: उद्दिष्ट काय, कसं करायचा बेत आहे, आणि शेवटी प्रगती व पुढची पावलं. आठवडा सुरू व्हायच्या आधी पहिले दोन रकाने भरायचे, शुक्रवारी तिसरा. सोमवारी प्रत्येकाला आपलं काम सांगायला दोनेक मिनिटं मिळतात, शुक्रवारी पुन्हा तेवढीच. मधले दिवस मोकळे. जुनी पानं कुणी पुसत नाही. पंधरा वर्षांपूर्वी कुणाचं काय अडलं होतं आणि ते सुटलं की नाही, हे आजही वाचता येतं. तिसऱ्या रकान्यात 'हे जमलं नाही' असं लिहिलेली पानं मी शोधून शोधून वाचली. धीर आला.

बॉस्टनची सकाळ म्हणजे आपली रात्र. साडेआठला जेवून मी लॅपटॉप उघडायची, आई दाराशी येऊन हळूच विचारायची, "मीटिंग आहे की गप्पा?" सोमवारी मी माझी कॅप्सूल दाखवली. पडद्यावरच्या चौकटींमध्ये तीन-चार जण ओळखीचं हसले. मग एकजण म्हणाला, की एकच अक्ष उलटवण्याचं पाप या खोलीतल्या बहुतेकांनी एकदा तरी केलेलं आहे. आणि पाच मिनिटांत त्यानं मला मुळाशी नेलं. तुझ्या कोडमध्ये चूक आहेच, पण आधीची चूक फाइलची आहे. तुझं मॉडेल ज्यात आलं त्या एसटीएल प्रकारच्या फाइलमध्ये नुसते त्रिकोण असतात. ते मिलिमीटरमध्ये आहेत की इंचात, पहिला अक्ष डावीकडे की उजवीकडे, फाइल काहीच बोलत नाही. मुकी आहे. म्हणून स्लायसरनं त्याच वर्षीच्या आवृत्तीपासून मॉडेल डायकॉमच्या पद्धतीनं जतन करायला सुरुवात केली आणि फाइलच्या माथ्यावर दिशा कोणती ते लिहायलाही. ते वाच, आणि लिहिलेलं नसेल तर गप्प बसू नकोस, वापरणाऱ्याला विचार.

हे सगळं कागदपत्रांत होतं. मी वाचलं नव्हतं, कारण असं काही वाचायला हवं हेच मला ठाऊक नव्हतं. आठवड्याच्या शेवटी माझ्याकडे एक छोटंसं तपासणीचं साधन होतं. फाइल आत घेताना ते दिशेची नोंद बघतं, नसली तर अडवतं, आणि पृष्ठभाग आतून बाहेर आलेला दिसला तर बोंब मारतं. शंभर ओळीसुद्धा नव्हत्या. त्यातल्या चाळीस माझ्या नव्हत्या.

आता, अशा जमण्याला लोक 'हॅकेथॉन' म्हणतात, पण त्या शब्दाशी माझं जरा वाकडं आहे. कॉलेजात असताना एकात भाग घेतला होता. चोवीस तास जागायचं, पिझ्झा खायचा, सकाळी परीक्षकांसमोर असं काहीतरी चालवून दाखवायचं जे त्या पाच मिनिटांपुरतं चालतं. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. तो पुठ्ठ्याचा मोठा धनादेश अजून आईनं माळ्यावर ठेवलाय. ते अॅप मात्र त्या दुपारनंतर कुणी एकदाही उघडलं नाही, आम्हीसुद्धा नाही. आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरांचं अडलेलं आम्हाला येत होतं, तरी सांगितलं नाही. का सांगायचं? ती आमच्या विरुद्ध होती.

ग्रॅन कनारियातल्या लास पाल्मास शहरात मी पोचले तेव्हा सहारातून उडून येणारी धूळ नव्हती. तिला तिथे कालिमा म्हणतात आणि तिच्याविषयी आपण उन्हाळ्याविषयी बोलतो तसं बोलतात. बेट स्पेनचं, पण आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरचं. घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे. रेडिओवर वेळ सांगताना शेवटी 'कनारियात एक तास कमी' हे पालुपद असतंच. या बेटाची आणि बॉस्टनच्या त्या प्रयोगशाळेची ओळख जुनी आहे. इथल्या विद्यापीठातली मंडळी सेनेगल, मॉरितानिया या देशांतल्या वैद्यकीय शिक्षकांसोबत बरीच वर्षं काम करत आलीत आणि त्यात स्लायसर शरीररचना शिकवायलाही वापरलं जातं. त्यामुळे खोलीत बॉस्टन, कॅनडा, जर्मनीचे लोक होते तसे डकारचेही. रजा मी माझ्या खात्यातली टाकली होती. तोवर मी दुसऱ्या कंपनीत होते, तरी 'हे आपलं काम कसं?' या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मला तिथेही देता आलं नव्हतं.

जेवणाचं सांगते, आजीसाठी सगळं नीट टिपून ठेवलं होतं. खारट पाण्यात सालासकट उकडलेले, सुरकुतलेले छोटे बटाटे, आणि सोबत मोहो नावाची लाल किंवा हिरवी चटणी, लसूण भरपूर. ठेच्याच्या लांबच्या नात्यातली. आणि गोफियो, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ. दुधात कालवतात, आमटीसारख्या रश्श्यात घालतात. पहिल्या घासाला मला सातूचं पीठ आठवलं.

पहिली सकाळ ओळखीत गेली. मग टेबलं आपोआप ठरत गेली. एका टेबलावर यंत्राला अवयव ओळखायला शिकवणारे बसले. सीटी टाकला की शंभरावर अवयव आणि हाडं रंगवून देणारं, स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये तयार झालेलं 'टोटलसेगमेंटेटर' तेव्हा नवीन होतं आणि त्या टेबलाभोवती सदा गर्दी. मला मजा वाटायची ती बांधणी चालू असतानाच्या वेळाची. स्लायसर मुळापासून बांधायचं तर ते आधी व्हीटीके, आयटीके आणि आणखी डझनभर गोष्टी ओढून आणून बांधतं. साध्या लॅपटॉपवर दोन-तीन तास जातात. तेवढा वेळ माणूस रिकामा असतो आणि रिकामा माणूस शेजारच्याच्या पडद्यात डोकावतो. माझ्या मते या आठवड्यातलं निम्मं काम त्या बांधणीच्या पट्टीकडे बघत बसलेल्या माणसांनी केलेलं असतं. यंत्रं फार वेगवान झाली तर या आठवड्याचं नुकसानच होईल.

माझ्या शेजारी पश्चिम आफ्रिकेतून आलेली एक डॉक्टर होती. फ्रेंच बोलणारी, इंग्रजी मोजून वापरणारी. स्लायसरचा पडदा वेगवेगळ्या भाषांत उपलब्ध व्हावा म्हणून जे काम चाललं होतं, त्या गटात ती होती. तिनं माझं तपासणीचं साधन तिच्याकडच्या मॉडेलांवर चालवून पाहायची तयारी दाखवली. तिच्या फाइली जुन्या, निरनिराळ्या प्रोग्रॅममधून आलेल्या, अर्ध्यांना माथ्यावर काही नोंद नाही. दोन दिवसांत तिनं मला अकरा चुका काढून दिल्या. एकदा तर साधनानं कारण नसताना बोंब मारली, तेव्हा तिनं शांतपणे पाणी पिऊन म्हटलं, "हे तुझं मूल फार रडतं."

बदल्यात मी तिच्या टेबलावर बसले. तिथे मला पहिल्यांदा कळलं की भाषांतराची अडचण शब्दांत कमी आणि वाक्यात जास्त असते. इंग्रजीत विचार करणारा प्रोग्रॅमर 'लोड करता आली नाही' एवढा तुकडा आधी लिहितो आणि फाइलचं नाव त्याच्या शेपटाला चिकटवतो. इंग्रजीत ते चालून जातं. मराठीत नाव आधी यायला हवं, क्रियापद शेवटी. तुकडे असे कोडमध्येच शिवून टाकलेले असले तर भाषांतर करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा: अख्खं वाक्य एकत्र ठेवायचं, नावाच्या जागी महिरपी कंस ठेवायचे, आणि ते कुठे बसवायचं हे भाषेवर सोडायचं. अशी शेकडो वाक्यं. नवीन काहीतरी करण्यासाठी अनुदान मिळतं, पेपर छापून येतो. शेकडो वाक्यं उसवून पुन्हा शिवण्यासाठी कुणी काही देत नाही, हे या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे आणि याबाबतीत बॉस्टन आणि पुण्यात काहीही फरक नाही.

बांधणी चालू असताना मी गंमत म्हणून मराठी शब्द लावून पाहत होते. स्लाइसला 'काप' फारच चपखल. सीझर्स म्हणजे कात्री. सुटे पडलेले ठिपके पुसण्याच्या साधनाचं नाव आयलंड्स, तर 'बेटं', आणि मी बेटावर बसूनच ते लिहीत होते. 'ग्रो फ्रॉम सीड्स' म्हणजे अवयवाच्या आत दोन-चार आणि बाहेर दोन-चार ठिपके द्यायचे आणि प्रोग्रॅमनं ते वाढवत नेऊन अवयव भरायचा. त्याला मी 'पेरणी' लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. थ्रेशोल्डला 'उंबरठा' लिहिलं आणि हसायला आलं. पुण्यातल्या कुठल्याही सीटी सेंटरमध्ये जाऊन म्हणा, जरा उंबरठा वाढवा. तंत्रज्ञ दाराकडे बघेल. माझं मत असं झालंय की मेनू मराठीत आणण्याची घाई नको, आपले डॉक्टर आणि तंत्रज्ञ त्या इंग्रजी शब्दांना सरावलेत. पण ते साधन कसं वापरायचं हे शिकवणारे धडे मराठीत हवेत, 'थ्रेशोल्ड' हाच शब्द ठेवून, त्याचा अर्थ मात्र घरच्या भाषेत समजावणारे.

थ्रेशोल्ड म्हणजे काय ते मी तरी कुठे पुस्तकातून शिकले? सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड काही शेकड्यांपासून पुढे. आकडा ठरवायचा, त्याच्या वरचं सगळं ठेवायचं, खालचं सोडून द्यायचं, की हाडं वेगळी होतात. निदान धडा असं सांगतो. प्रत्यक्षात शिरेतून औषध दिलेलं असलं तर रक्तवाहिन्याही हाडांइतक्या चमकतात आणि बरोबर येतात. म्हाताऱ्या माणसाचं हाड विरळ झालेलं असलं तर ते आकड्याच्या खाली जातं आणि मॉडेलला भोकं पडतात. मग हातानं एकेक काप बघत निवडायचं.

हे हातानं निवडणं मी आधी एकदा पाहिलं होतं. आजोबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी नदीवर. बायका जात नाहीत म्हणतात. मी गेले, कुणी अडवलं नाही. राखेवर पाणी शिंपडून चुलते वाकून बसले आणि हळूहळू अस्थी सावडू लागले. कोळसा कुठला, लाकडाची जळकी गाठ कुठली आणि हाड कुठलं, हे राखाडीवर राखाडी ओळखायचं होतं. त्यांना येत होतं. मला येत नव्हतं, मी दोनदा चुकीचा तुकडा उचलला. चुलत्यांनी काही न बोलता तो माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला.

आयटीके लिहिलं गेलं ते ज्या प्रतिमांसाठी, त्याही मेलेल्या माणसांच्याच होत्या. १९९३ साली टेक्सासमध्ये देहदंड झालेल्या एका कैद्यानं देहदान केलं होतं. त्याचं शरीर गोठवून, एक-एक मिलिमीटर खरवडत, १८७१ छायाचित्रं काढली गेली आणि १९९४ मध्ये ती जगासाठी खुली झाली. देह विज्ञानाला देतोय हे त्याला माहीत होतं. त्याचं असं होणार आहे हे माहीत नव्हतं. त्या खोलीत पन्नास-साठ माणसं अवयव वेगळे काढत, हाडं उचलत बसलेली असताना मला तो आठवायचा. पैसे त्यालाही कुणी दिले नव्हते.

परत आल्यावर मी आजीला सगळं सांगितलं. सुरकुतलेले बटाटे, लसणाची चटणी, सातूच्या पिठासारखं ते पीठ. ती ऐकत होती. मग त्या डॉक्टरबाईचं सांगितलं, तिनं माझ्यासाठी दोन दिवस कसे घातले ते, आणि मी तिच्या टेबलावर जाऊन काय केलं तेही.

"म्हंजे ती तुझ्याकडं आली, तू तिच्याकडं गेलीस."

"हो."

"मग इर्जिक नाही ती. सावड म्हण. आवणीला करतो ती."

भाताच्या आवणीला मजूर परवडत नाहीत. आज पाच बायका माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्यातल्या एकीच्या. जेवण आपलं आपण बांधून न्यायचं. हिशेब कुठे लिहिलेला नसतो, पण गावात कुणाची कुणाकडे किती सावड बाकी आहे हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं. मला हा शब्द आधी का सुचला नाही कोण जाणे. कदाचित तो मी शेवटचा नदीवर ऐकला होता, वेगळ्या अर्थानं.

"फेडलीस का सगळी?" आजीनं विचारलं.

निघताना मी त्या डॉक्टरबाईला कबूल केलं होतं की एका मॉड्यूलमधली सगळी शिवलेली वाक्यं मी उसवून देते, म्हणजे त्यांना फ्रेंच करता येईल. तेरा फाइली होत्या. पहिल्या सहा विमानतळावर बसून केल्या, मग पुण्यात आल्यावर ऑफिस, मग इतर काही.

"थोडी राहिलीय."

"आवणीच्या आत फेड," आजी म्हणाली. "पाऊस पडल्यावर कुणाला वेळ नसतो."